लूनाच्या पार्टलाही बाजारभाव हवा

घोडेगावच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच पटेल. गोणी फोडतात, व्यापारी चार कांदे हातात घेऊन साल चोळून पाहतो, आणि बोली सुरू होते. एक वक्कल निघायला फार वेळ लागत नाही. चढाओढ असते, पण तोल कोणाचा जात नाही. काल इथे काय भाव निघाला, आज लासलगावला काय चाललं आहे, गाडीभाडं किती पडणार, हे सगळं प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असतं. आपला आकडा ओलांडला की व्यापारी मान हलवतो आणि पुढच्या वक्कलाकडे चालू लागतो. माल हातचा गेला म्हणून तो हळहळत बसत नाही.

आता आपल्याकडे या. रात्रीचे साडेदहा, हातात मोबाइल, पडद्यावर लूनाचा एक जुना कार्बोरेटर. मागच्या हिवाळ्यात मी स्वतः असा एक घेतला. ९०० रुपयांपर्यंत जायचं असं मनाशी धरलं होतं. शेवटच्या दोन मिनिटांत कोणीतरी १,००० लावले. मी १,१०० लावले, त्याने १,३००. पुढे मी कार्बोरेटर बघतच नव्हतो, त्या माणसाकडे बघत होतो. २,६५० रुपयांना तो मला ‘मिळाला’, वर टपालखर्च. पुडकं उघडलं तर थ्रॉटलची स्लाइड इतकी झिजलेली की बोटाने हलवली तरी खडखडत होती. महिनाभराने नगरच्याच एका जुन्या दुकानात, वरच्या फळीवरच्या डब्यात, तसाच कार्बोरेटर ७०० रुपयांना दिसला. न वापरलेला, कागदात गुंडाळलेला.

ही गोष्ट नगरमध्ये घडावी याचं मला जास्त वाईट वाटतं. एच. के. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना बाजारात आणली, ती याच गावच्या दौंड रस्त्यावरच्या कारखान्यातून. कायनेटिक चौकातून आपण रोज जातो. पेडल मारून सुरू होणाऱ्या त्या ५० सीसीच्या गाडीवर इथल्या शिक्षकांनी, दूधवाल्यांनी, पोस्टमननी वर्षानुवर्षं संसार ओढला. ती दुरुस्त करणारे हात आणि तिचे पार्ट ठेवणारी दुकानं जिल्ह्यात अजून आहेत. श्रीरामपूर, संगमनेर, राहुरी, शेवगाव, कुठल्याही तालुक्याच्या गावी जुन्या मेकॅनिकच्या माळ्यावर काय निघेल सांगता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये इलेक्ट्रिक लूना आली आणि जुन्या लूनाची आठवण पुन्हा जागी झाली, ही आनंदाचीच गोष्ट. पण पार्ट शोधायला आपण आधी मोबाइल उघडतो आणि माळा शेवटी, हे उलटं आहे.

लिलावातल्या या दुखण्याला अर्थशास्त्रात ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. १९७१ साली कॅपेन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अमेरिकन तेल अभियंत्यांनी ते मांडलं. समुद्राखाली तेल किती आहे हे कोणालाच नक्की माहीत नसतं, प्रत्येक कंपनी अंदाज बांधते, आणि लिलाव जिंकते ती सर्वांत जास्त फुगवलेला अंदाज बांधणारी कंपनी. कार्बोरेटरचंही तेच. फोटोवरून त्याची झीज दहा जणांनी दहा प्रकारे जोखली, तर तो जाणार सर्वांत आशावादी माणसाच्या घरी. म्हणून वस्तू फक्त फोटोत दिसत असेल आणि बोली लावणारे पुष्कळ असतील, तर आपला आकडा वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो.

दुसरी गोष्ट बेअरिंगची, आणि ही जरा सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. ‘ओरिजिनल, दुर्मिळ’ असं लिहून लिलावात येणारी बरीच बेअरिंग मुळात दुर्मिळ नसतातच. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०२ म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा ३५ आणि जाडी ११ मिलिमीटर, मग ते छताच्या पंख्यात बसो की गाडीत. आपल्या गाडीचं जुनं बेअरिंग काढा, पुसा, नंबर वाचा आणि तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. क्रँकला बसवायचं असेल तर सी-३ मागून घ्या, तापल्यावर लागणारी मोकळीक त्यात असते. ऑइल सीलवरही तीन मापं छापलेली असतात. सिलिंडर झिजला असेल तर लेथवाला बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवून देतो. गाडी चालवणाऱ्या अशा पार्टसाठी लिलावात चढाओढ करण्याचं कारण मला दिसत नाही.

गाडीचं रूप ठरवणारे पार्ट वेगळे. टाकीवरचा मोनोग्राम, न तडकलेलं साइड पॅनल, मूळ काच शाबूत असलेला स्पीडोमीटर, हे खरोखरच पुन्हा मिळत नाहीत. पैसे मोजायचेच तर इथे मोजा. पण तेही आकडा आधी कागदावर लिहून, टपाल धरून, आणि माल परदेशातून येणार असेल तर सीमाशुल्क आणि कर धरून.

बोली लावण्याच्या पद्धतीबद्दल एवढंच. ज्या साइटवर कमाल रक्कम एकदाच भरता येते, तिथे साइट आपल्या वतीने दुसऱ्याच्या बोलीच्या फक्त एक पायरी वर जाते. त्यामुळे खरा आकडा एकदाच भरायचा आणि मोबाइल ठेवून द्यायचा. शंभर-शंभराने चढत जाणारा माणूस समोरच्यालाही चढवतो. घोडेगावच्याच जनावरांच्या बाजारात जुनी माणसं उपरण्याखाली बोटं दाबून सौदा करायची. एकाने लावलेला आकडा दुसऱ्याला कळत नसे, म्हणून ईर्षेला जागाच नव्हती. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या लिलावात तर आणखी जपायला हवं. एखादा नंबर एकाच विक्रेत्याच्या मालावर दर वेळी बोली लावतो आणि जिंकत मात्र कधीच नाही, असं दिसलं तर बाजूला व्हा.

मूळ दुखणं मात्र बोलीच्या पद्धतीत नाही. कांद्याच्या व्यापाऱ्याला काल काय भाव निघाला ते माहीत असतं, रोजच्या पेपरातही तो छापून येतो. आपल्याला काय माहीत असतं? विक्रेत्याने मागितलेली किंमत. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. भाव म्हणजे वस्तू प्रत्यक्ष ज्या रकमेला विकली गेली ती रक्कम. ती फक्त घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला ठाऊक असते आणि तिथेच विसरली जाते. जास्त पैसे गेले असतील तर सांगायची लाज वाटते, स्वस्तात मिळालं असेल तर ठिकाण कोणाला कळू नये असं वाटतं. दोन्ही मी समजू शकतो, पण या गप्प बसण्याची किंमत नव्याने या छंदात येणारा पोरगा भरतो.

म्हणून पुढच्या अंकापासून हे मासिक जुन्या दुचाकींच्या पार्टचं भावपत्रक छापणार आहे. वाचकांनी दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत एवढंच कळवायचं: कोणता पार्ट, कोणत्या मॉडेलचा, नवा की वापरलेला, लिलावात की दुकानातून, आणि टपालासकट शेवटी किती पैसे गेले. घेणाऱ्याचं किंवा विकणाऱ्याचं नाव छापलं जाणार नाही. पहिली नोंद माझी असेल: लूना, कार्बोरेटर, वापरलेला, लिलावात, २,६५० रुपये आणि टपाल. दुसरी नोंद तुमची पाठवा.