धबधब्याला जाऊ, पण पाणी ओळखून

पाऊस लागला की थेरगावच्या आमच्या महिला मंडळात प्रश्न ठरलेला, "ताई, यंदा भाजेला जायचं ना?" चिंचवडहून लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं, एक्स्प्रेस-वेवरचा पूल ओलांडून चालत निघायचं, भाजे लेण्यांच्या पायथ्याशी धबधबा समोरच. गाडी नको, रिसॉर्ट नको. कंपनीत दिवसभर उभी राहून शिफ्ट करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक सुट्टी मिळते. तिने लेकरांना घेऊन त्या दिवशी पाण्यात हसावं, हे तिच्या तब्येतीला हवंच आहे. म्हणून "जाऊ नका" असं मी म्हणणार नाही.

पण सोपी वाट म्हणजे सोपं पाणी नव्हे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली एक महिला आणि चार मुलं वाहून गेली. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभं असलेलं ते कुटुंब आपण सर्वांनी मोबाईलवर पाहिलं. ते काही धाडस करायला गेले नव्हते. तुमच्याआमच्यासारखेच सहलीला गेले होते.

असं का होतं? आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. काळा पाषाण कठीण, वर मातीचा थर पातळ. पाणी मुरत कमी, वाहून जातं जास्त. डोंगरमाथ्यावर जोराची सर आली की खाली ऊन असलं तरी काही मिनिटांत लोंढा येतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला किंवा आवाज वाढला, की फोटो राहू द्या, मुलांना उचला आणि काठावर या. वेगाचं पाणी घोट्याच्या वर आलं तरी मोठ्या माणसाचा पाय सुटतो. शेवाळावर पाय घसरून डोक्याला मार बसतो, तो वेगळाच.

कोणी बुडालं तर पोट दाबून पाणी काढत बसू नका, उलटं टांगू नका. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावा आणि लगेच तोंडाने श्वास व छातीवर दाब सुरू करा: ३० दाब, २ श्वास. हे प्रत्येक वस्तीतल्या दोघी-तिघींना तरी यायला हवं. विहारात एका रविवारी शिकता येतं.

आता प्रशासनाबद्दल. दुर्घटना झाली की बंदीचा आदेश निघतो. धोक्याच्या दिवशी बंदी हवीच. पण वर्षभर बंदीचा फलक आणि बाकी काहीच नाही, हे चालणार नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो रिसॉर्टच्या तलावात उतरेल. लोकलने येणाऱ्याला हा धबधबाच आहे. तिथे दोरखंड, जीवरक्षक, धोक्याचा भोंगा आणि बायकांसाठी कपडे बदलायची जागा हवी. पाण्यावर सर्वांचा हक्क आहे, हे महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ सालीच ठणकावून सांगितलं गेलं. तो हक्क सुरक्षित असावा, ही मागणीही आपलीच.

त्याच काळ्या पाषाणात सुमारे २२०० वर्षांपूर्वी भाजेची लेणी कोरली गेली. भिक्खूसंघ पावसाचे तीन महिने भटकंती थांबवून वर्षावास करत असे. पाऊस कधी अनुभवायचा आणि कधी आडोशाला थांबायचं, हे शहाणपण आपल्या वारशातच आहे. यंदा जाताना ते सोबत न्या.

जयभीम!