वरच्या मजल्यावरची आजी

खुर्चीला बांधलेली चौऱ्याण्णव वर्षांची म्हातारी, आणि तिच्या शेजारी हट्टाने स्वतःलाही बांधून घेतलेला चार वर्षांचा तिचा पणतू! मुलांच्या पुस्तकात असे चित्र मी प्रथमच पाहिले. अमेरिकेतल्या भाच्याने ते माझ्या मुलीसाठी धाडले होते. ते तिच्या हाती द्यावे की नाही, या विचारात मी दोन दिवस घालविले. कारण वर्षापूर्वी माझी आई वारली तेव्हा ‘आजी गावाला गेली’ असे आम्ही पोरीला सांगून मोकळे झालो होतो. मराठीच्या प्राध्यापकालादेखील त्या वेळी याहून बरे वाक्य सुचले नाही!

पुस्तक टॉमी डिपाओला याचे. कनेटिकट राज्यातल्या मेरिडन गावी १९३४ साली तो जन्मला. वडील इटालियन वंशाचे, आई आयरिश. घराचे बांधकाम चालू असताना या पोराने कोऱ्या भिंतींवर खडूने चित्रे काढली होती. रंगारी आले नि ती गेली. पण घरची माणसे काही त्याच्या हातून सुटली नाहीत. २०२० साली तो वारला तोवर त्याची अडीचशेंवर पुस्तके झाली होती, आणि आज्या-आजोबा त्यांत पुन्हा पुन्हा येतात.

त्याची नाव गाजलेली आजीबाई म्हणजे १९७५ सालची ‘स्ट्रेगा नोना’. ही इटलीतल्या कालाब्रियाची. मंत्र म्हटला की तिचे भांडे आपोआप पास्ता शिजवते. तिचा गडी मंत्र तेवढा चोरून ऐकतो. भांडे थांबविण्यासाठी त्याच्याकडे तीन मुके फेकावे लागतात, हे त्याला कुठे ठाऊक? पास्ता गावभर वाहतो. लोक गड्याला फासावर द्यायला निघतात. आजीबाई मात्र त्याच्या हाती काटा देते आणि सारा पास्ता त्यालाच संपवायला लावते. हे पुस्तक आमच्याकडे सौभाग्यवतींनी बळकावले आहे.

पण १९७३ सालचे ते ‘वरची आजी, खालची आजी’ निराळे. ते त्याच्या स्वतःच्या बालपणातले. रविवारी पोर वर जाते. म्हातारी पडू नये म्हणून खुर्चीला बांधलेली. शिवणाच्या पेटीतल्या पेपरमिंटच्या गोळ्या दोघे बांधल्या जागी चघळतात. मग एके दिवशी आई सांगते, ती वारली. पोर धावत वर जाते. पलंग रिकामा. चित्रकाराने तो रिकामा पलंग झाकलेला नाही.

अखेर मी वाचून दाखविले. त्या पानावर पोरीने बोट ठेवले.

“आपल्या आजीचा पलंगपण त्या दिवशी असाच होता.”

म्हणजे तिला सारे ठाऊक होते! मी म्हटले, “होय. आजी वारली.”

थोड्या वेळाने तिने विचारले, “आणि तिचा खडीसाखरेचा डबा?”

तो फडताळात वरच्या फळीवर अजून तसाच होता. स्टुलावर चढून मी तो खाली काढला.