कंटेनरमध्ये सिस्टमडी? बेलाशक चालवा

‘कंटेनर म्हणजे एकच प्रोसेस’ हे वाक्य इतकं रुळलंय, की आत सिस्टमडी चालवणाऱ्याला कंटेनर कळलाच नाही असं समजलं जातं. मला हे मान्य नाही. एकाच कंटेनरात दोन-तीन सेवा नांदवायच्या असतील, तर त्यांचा कारभार सिस्टमडीकडेच द्यावा.

कर्नल असा काही नियम घालत नाही. पीआयडी नेमस्पेसमधली पहिली प्रोसेस तिथली पीआयडी १ होते आणि अनाथ प्रोसेस सांभाळणं तिच्याच गळ्यात पडतं. खुद्द कुबरनेटीसच्या चाचण्यांसाठी वापरलं जाणारं ‘काइंड’ घ्या: त्यातला प्रत्येक नोड हा कंटेनरच, आणि आत क्यूबलेट सांभाळतं ते सिस्टमडी.

याउलट शेल स्क्रिप्टचा मार्ग पाहा. क्रॉन आणि पीएचपी-एफपीएम बॅकग्राउंडला सोडायचं, शेवटी एनजिनएक्स पुढे ठेवायचं. एफपीएम पडलं तरी स्क्रिप्टला पत्ता नाही. ग्राहकाला मात्र ५०२ दिसतो. ‘डॉकर स्टॉप’ दिल्यावर सिगटर्म जातो बॅशकडे. ती पीआयडी १ असल्यामुळे, हँडलर लिहिला नसेल तर सिग्नल वाया जातो. १० सेकंदांनी सिगकिल, एक्झिट कोड १३७, चालू रिक्वेस्ट अर्धवट. मग ट्रॅप लिहा, वेट लिहा, पुन्हा सुरू करणारा लूप लिहा. एवढी खटपट करून हाती येते ती सिस्टमडीची कच्ची नक्कल.

‘पण त्याला प्रिव्हिलेज्ड मोड लागतो’, असं म्हणतात. होस्टचं सीग्रुप माउंट करून पूर्ण अधिकार देण्याच्या त्या जुन्या पाककृती घातकच आहेत, त्या टाकून द्या. पॉडमनला कमांड सिस्टमडीची आहे हे ओळखता येतं. तो रन आणि टीएमपीवर टीएमपीएफएस चढवतो आणि थांबवण्याचा सिग्नल सिगआरटीमिन+३ ठेवतो, कारण सिगटर्म मिळाल्यावर सिस्टमडी बंद न होता स्वतःलाच नव्याने सुरू करतं. सीग्रुप व्ही२ असेल तर हे रूटलेसही चालतं.

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे: आतली सेवा मेली तरी पीआयडी १ जिवंत, म्हणून ऑर्केस्ट्रेटरला सगळं आलबेल वाटतं. हा धोका खरा आहे. मुख्य सेवेच्या युनिटमध्ये फेल्युअरअ‍ॅक्शन=एक्झिट लिहा; ती कोसळली की कंटेनरही संपेल. हेल्थचेक तर हवाच.

एकच गो बायनरी चालवायची असेल तर यातलं काहीच नको. तिथे टिनी पुरतं, आणि डॉकरच्या इनिट पर्यायात ते आयतंच मिळतं.