विश्लेषण : ‘वयच तसे आहे’ म्हणून सुटून जाणारा आजार! बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरची सुरुवात कशी ओळखावी?

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिला. सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातील कॉलेजे आणि नीट-जेईईचे मोठे क्लासही त्यात येतात. समुपदेशकाकडे येणारी बरीच मुले परीक्षेच्या ताणाची असतील. काहींचा त्रास मात्र निकाल लागल्यावरही संपणार नाही. त्यांपैकी काहींना बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (बीपीडी) असू शकतो.

नेमका आजार काय?

भावना फार चटकन भडकतात, फार तीव्र असतात आणि शांत व्हायला फार वेळ घेतात, हे या आजाराचे मूळ. नावाने मात्र घोटाळा होतो. अमेरिकी मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द वापरला, तो न्यूरोसिस आणि सायकोसिस यांच्या सीमेवरचे रुग्ण या अर्थाने. ती कल्पना मागे पडली, पण गाव सोडून गेलेल्याचे नाव सातबाऱ्यावर राहावे तसा शब्द राहिला. १९८० पासून हे अधिकृत निदान आहे. त्याचा अर्थ ‘थोडासा आजार’ असा नाही.

सुरुवात कधी आणि कशी दिसते?

बहुतेकांमध्ये पहिल्या खुणा बारा ते अठरा या वयात, म्हणजे सातवी ते बारावीच्या काळात दिसू लागतात. घरात त्याला हट्ट, नाटक किंवा लाडाने बिघडणे म्हटले जाते. जिवलग मैत्रिणीने दोन तास मेसेजला उत्तर दिले नाही, तर ती कायमची सोडून गेली असे वाटून आकांत होतो. काल देव वाटणारे शिक्षक आज शत्रू वाटतात. कपडे, ध्येय, मित्र आणि स्वतःबद्दलचे मत सतत बदलते. आत पोकळी वाटते. रागाच्या भरात वस्तू फुटतात आणि नंतर प्रचंड अपराधी वाटते. बेभान गाडी चालवणे, दारू, नको तितका खर्च हेही दिसते.

सर्वांत गंभीर खूण म्हणजे स्वतःला इजा करणे. उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा हट्ट धरणाऱ्या मुलामुलींकडे त्यासाठी शांतपणे लक्ष द्यायला हवे. ही इजा बहुतेकदा ‘लक्ष वेधण्यासाठी’ नसते. असह्य भावना क्षणभर तरी थांबावी, म्हणून ती केली जाते. ओरडल्याने ती थांबत नाही, फक्त लपवली जाते.

मग प्रत्येक चिडका किशोर रुग्ण का?

नाही. किशोरवयात मूड बदलतोच. फरक तीव्रतेचा आणि कालावधीचा असतो. शिवाय हा त्रास घर, कॉलेज, मैत्री अशा सगळीकडे दिसतो. अमेरिकी निकषांनुसार नऊपैकी किमान पाच लक्षणे लागतात, आणि अठराच्या आतील मुलांमध्ये ती किमान वर्षभर टिकलेली असावी लागतात. त्यामुळे ‘ही पाच चिन्हे दिसली तर तुम्हाला बीपीडी आहे’ सांगणारी रील तीस सेकंदांत जे निदान करते, ते तज्ज्ञही पहिल्या भेटीत करत नाहीत. ब्रेकअप झालेल्या माणसाला ‘बीपीडी’ म्हणून मोकळे होणे हाही सध्याचा एक वाईट खेळ आहे. बायपोलर हा आजार वेगळा. त्यात मूडचे टप्पे कित्येक दिवस किंवा आठवडे चालतात, तर बीपीडीत तासातासाला पारडे बदलते.

कारण काय?

कारण एकच नसते. काही भाग आनुवंशिक असतो, काही परिस्थितीचा. अत्याचार किंवा दुर्लक्ष सोसलेल्यांत प्रमाण जास्त आढळते, पण प्रत्येक रुग्णाच्या घरी तसे घडलेले नसते. त्यामुळे सरसकट आईबापाला दोष देणे चुकीचे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी वेगळ्या गोष्टीवर बोट ठेवले : मूळचे हळवे मूल आणि ‘यात रडण्यासारखे काय आहे?’ असे सतत ऐकवणारे घर. लिनेहान यांनी या त्रासासाठी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी उभारली. तरुणपणी आपणही अशा यातनांतून गेलो आणि रुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीर केले.

उपचाराने फरक पडतो?

पडतो, आणि हेच सर्वांत कमी सांगितले जाते. मेरी झनारिनी यांच्या अमेरिकेतील दहा वर्षांच्या पाठपुराव्यात ९३ टक्के रुग्णांची लक्षणे निदान दोन वर्षे तरी ओसरली. नोकरी आणि नात्यांसह पूर्ण सावरलेले मात्र निम्मेच होते. शिक्षण सुटण्याआधी, नाती तुटण्याआधी उपचार सुरू होण्याला म्हणूनच महत्त्व आहे. खास या आजारासाठी मान्यताप्राप्त औषध नाही, मुख्य उपचार बोलण्याचा आहे. ‘लग्न लावून दिले की ठीक होईल’ हा तोडगा तर धोकादायक, कारण नात्यांतली असुरक्षितता हाच आजाराचा गाभा आहे.

सातारा-सांगलीत अडचण कुठे?

राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. बीपीडीच्या बहुतेक रुग्णांना तिथे दाखल व्हावे लागत नाही. त्यांना हवा असतो आठवड्याला तासभर बोलणारा प्रशिक्षित माणूस, आणि तोच दुर्मीळ आहे. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. पहिला सल्ला साताऱ्यातील क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, सांगलीतील वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात घेता येतो.

काही घरांत त्याआधी देवऋषी गाठला जातो. ज्यांच्या लढ्यातून जादूटोणाविरोधी कायदा आला, ते नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे २०१३ च्या या कायद्याने गुन्हा आहे.

दुसरी भीती पोलीस केसची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ उरलेले नाही. सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. म्हणजे मुलीच्या हातावर जखमा दिसल्या, तर डॉक्टरकडे नेताना कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. रात्री-अपरात्री प्रसंग आला तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सुरू असते. तिथे मराठीत बोलता येते, आणि पालकही फोन करू शकतात.