लहरी कोणाच्या?

आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. न्या. पी. बी. सावंत हे त्या खंडपीठावर होते. प्रश्न असा, की या मालमत्तेतील जव्हार-मोखाड्याचा वाटा कोठे गेला?

लोकांची दूरचित्रवाणी आपल्या देशात चालत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने शेजारच्या गुजरातकडे पाहावे. १९७५ साली खेडा जिल्ह्यातील पीज या गावी एक किलोवॅटचे लहानसे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने हा प्रकल्प उभारला. सुमारे ४०० गावांत सार्वजनिक संच बसवण्यात आले आणि गावकरी एकत्र बसून ते पाहू लागले. दारूचे व्यसन, जातिभेद, किमान वेतन, सहकार हे तेथील विषय. निर्माते गावात जात, लोकांशी बोलत आणि लोकांनाच पडद्यावर आणत. १९८४ साली युनेस्कोचा ग्रामीण संपर्काचा पुरस्कार या प्रकल्पाला मिळाला आणि पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, केंद्र बंद झाले! ज्या शेतकऱ्यांसाठी ते उभारले होते, त्यांचा विरोध कोणी मोजला?

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रम चांगलाच होता. परंतु त्यात बोलायचे कोणी आणि काय, हे मुंबईच ठरवत असे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके कुपोषणाने दगावली. जगाला हे कळले ते बाहेरच्या लोकांनी सांगितल्यावर. ज्या मातांची मुले गेली, त्यांच्या वारली वा कोकणा बोलीला पडद्यावर कायमची जागा आजही नाही.

१९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे सक्तीचे केले. गावाच्या वाहिनीबद्दल मात्र तो मुका आहे. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना केबल कंपनीकडून नागरिकांसाठी वाहिनी राखून घेता येऊ लागली. आपल्या सरकारने २००६ साली स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणीची दारे उघडली, तीही स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई करून. म्हणजे खताविषयी बोला, खत का आले नाही हे विचारू नका!

आता प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे, मग वाहिनी कशाला, असा युक्तिवाद होतो. मला तो पटत नाही. मोबाईलवर प्रत्येकजण एकेकटा पाहतो आणि काय दिसावे हे दूरची कंपनी ठरवते. पीजच्या संचासमोर गाव बसत असे आणि तेथून उठताना वाद घालत असे. शिवाय, वाचकहो, मोखाड्याच्या दऱ्यांत रेंज शोधत टेकडी चढणाऱ्यांना हे कोण सांगणार?

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली. डिंक आणि मोहफूल ज्या ग्रामसभेच्या स्वाधीन करता येतात, तिच्या स्वाधीन एक वाहिनी करण्यात दिल्लीला नेमकी कोणती अडचण आहे, हे तिने एकदा लेखी सांगावे.