न पाहता दिलेला कौल

दिवाळीच्या फराळाला नंबर लावायचे असतील तर काय करावे लागते? चकली मोडून पाहावी लागते, करंजीचे सारण जिभेवर घ्यावे लागते, आणि शेजारच्या वहिनींचा चिवडा आपल्या घरच्या चिवड्याहून सरस आहे हे मनातल्या मनात का होईना, कबूल करावे लागते. डब्यावरचे नाव वाचून कोणी ‘लाडू उत्तम!’ असा निकाल दिला, तर घरातली पोरेसुद्धा त्याला हसतील. आमच्या चित्रपटसृष्टीत मात्र असे निकाल देणाऱ्याला कोणी हसत नाही. उलट त्याला पुढच्या रांगेत बसवतात आणि शाल-श्रीफळ देतात!

हे मी कोणावर तोंडसुख घेण्यासाठी लिहीत नाही. पहिला गुन्हेगार मीच आहे.

मी नट आहे. बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचा. गेल्या वर्षी एका पुरस्काराच्या मतदारांत माझी निवड झाली. चोवीस चित्रपट आणि दहा दिवसांची मुदत! चित्रपट घरबसल्या मोबाईलवर पाहायचे आणि विभागवार खुणा करायच्या. त्या दहा दिवसांत माझे चित्रीकरण होते, दोन लग्ने होती आणि आळस तर बारमाही होता. चोवीसांपैकी नऊ चित्रपट मी पुरते पाहिले, चारांची सुरुवात पाहिली आणि उरलेल्या अकरांची फक्त नावे वाचली. मत मात्र प्रत्येक विभागात दिले. ज्यांची नावे ओळखीची होती, त्यांच्यापुढे खूण केली आणि जेवायला बसलो. जेवण गोड लागले, हे आणखी वाईट!

पुढे दिवाळीला गावी गेलो. लक्ष्मीपूजन आटोपल्यावर पुतण्याने एक चित्रपट लावला. तो त्या अकरांतला निघाला! त्यात एका अपरिचित बाईने ऊसतोड मजुराच्या विधवेचे काम केले होते. रडारड नाही, आरडाओरडा नाही. कोयता खाली ठेवून ती पदराने हात पुसते, एवढ्यात तिने सारे आयुष्य सांगितले. आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीला जातात. आईने ती उभ्या जन्मात पाहिलेली. ती म्हणाली, “लई जीव लावून काम करायली रे ही बाई. हिलाच दिलं आसशील की तू मत?”

मी ‘हो’ म्हणालो. ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी आईशी खोटे बोललो!

आता यावर आमच्या व्यवसायबंधूंची उत्तरे मला पाठ आहेत. पहिले उत्तर : वेळ नसतो. अहो, वेळ नसेल तर मत देऊ नये. सक्ती कोणी केली आहे? दुसरे उत्तर : जाणत्याला दोन प्रसंगांवरून कळते. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण निदान शीत तरी दाबून पाहावे लागते की नाही? तिसरे उत्तर सर्वांत भोंदू आहे : एका मताने काय होणार? एका मताने काही होत नसेल. पण न पाहणारे सगळेच ओळखीच्या नावावर खूण करतात, म्हणून ती मते विखरत नाहीत, एकाच ढिगावर पडतात. मग ज्या चित्रपटाजवळ जाहिरातीचा पैसा नाही, तो अधिक चांगल्या चित्रपटाकडून हरत नाही. तो अधिक मोठ्या नावाकडून हरतो. हा पराभव नव्हे, ही लबाडी आहे.

२००४ साली ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९५४ साली आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाल्यानंतर अर्ध्या शतकाने मराठीला हा मान लाभला. मग भारतातर्फे ‘श्वास’ ऑस्करसाठी निवडला गेला आणि प्रश्न उभा राहिला तो पैशांचा! परक्या शहरात मुक्काम करायचा, खेळ लावायचे, लोकांचे लक्ष वेधायचे, ते कशाच्या जोरावर? तेव्हा महाराष्ट्रात वर्गणी झाली. शाळकरी मुलांनी पैसे जमवले, नाटकवाल्यांनी दिले. नामांकन मिळाले नाही. त्याचे मला दुःख नाही. पण मत असणाऱ्याने आपल्याकडे नजर टाकावी एवढ्यासाठी खाऊचे पैसे साठवणाऱ्या पोरांच्या या मुलखात, मी घरी आलेले चित्रपट न उघडता खुणा केल्या. याला काय म्हणावे?

त्या ऑस्करवाल्यांनाही हा रोग होताच. तिथे नटांची नामांकने नट करतात, संकलकांची संकलक. अखेरच्या फेरीत मात्र सुमारे दहा हजार मतदारांनी सर्व विभागांत मत द्यायचे. काही विभाग सोडले तर ‘पाहिले का?’ असे विचारण्याची सोय नव्हती. अखेर २०२५च्या एप्रिलमध्ये त्यांनी जाहीर केले, की ज्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिले असतील, त्याच विभागात अखेरचे मत देता येईल. २०२६च्या पुरस्कारांसाठी हा नियम लागू केला गेला. चित्रपटगृहात वा महोत्सवात पाहिला असेल तर तसे लिहून द्यायचे. लिहून देणारा खोटे लिहील, चित्रपट लावून झोपी जाईल, हे सगळे खरे. पण खोटे बोलायला लावणारा नियमसुद्धा बरा. त्यामुळे निदान आपण खोटे बोलतो आहोत एवढे तरी माणसाला कळते.

आणि हे शहाणपण आपल्याला परक्यांकडून उसने आणायची गरजच काय? आमच्याकडे जत्रेत पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्तीलासुद्धा पंच मातीत उभा असतो. पाठ टेकली की नाही, हे तो वाकून पाहतो. १९५४पासून राज्य नाट्यस्पर्धा चालते. गावोगावच्या नाट्यगृहांत परीक्षक डास मारीत, पंख्याची घरघर ऐकत तिसऱ्या अंकाच्या पडद्यापर्यंत बसतात. पुण्यात १९६३पासून पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका स्पर्धा आहे. २०२२ साली तिथल्या परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! निर्णय बरोबर की चूक, यावर खुशाल भांडा. पण ‘एकही पात्र नाही’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांना होता, कारण त्यांनी एकूण एक एकांकिका समोर बसून पाहिली होती. न पाहणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नाही आणि ‘होय’ म्हणण्याचाही हक्क नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. प्रत्येक मतपत्रिकेवर प्रत्येक चित्रपटापुढे ‘पाहिला नाही’ असा एक रकाना असावा आणि एका विभागात एक जरी चित्रपट पाहायचा राहिला, तरी त्या विभागातले मत बाद धरावे. कोणता चित्रपट किती मतदारांनी पाहिला, तो आकडा निकालाबरोबर छापावा. बक्षीस मिळालेल्या कित्येकांचे चेहरे तो आकडा वाचून उतरतील, उतरू देत. आणि वाचकहो, तुम्हीसुद्धा! आवडत्या नटासाठी सहकुटुंब मोबाईलवरून मते पाठवताना समोरच्याचे काम पाहिले आहे का, हे एकदा एकमेकांना विचारा.

आमच्या गावच्या केदारेश्वराच्या देवळात बाहेरच्या भिंतींवरसुद्धा शिल्पे आहेत. चालुक्यकाळच्या त्या कारागिराने ती कोणासाठी कोरली? प्रदक्षिणा घालणाऱ्यासाठी. दारातूनच हात जोडून परतणाऱ्याला ती कधी दिसत नाहीत. आणि देऊळ कसे आहे, हे सांगायला मात्र तोच सर्वांत पुढे!

यंदाची मतपत्रिका आली तेव्हा माझे अठरा चित्रपट पाहून झाले होते. जे विभाग पुरते पाहिले तेवढेच भरले, उरलेले कोरे ठेवून परत पाठवले. आता दिवाळीला गावी जाईन, तेव्हा आईला गेल्या वर्षीचे खरे सांगणार आहे. ती रागावेल, आणि तिने रागावायलाच हवे.