कतीफचा बंद हंगाम आणि नावेवरील खलाशी

सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरील कतीफचा मासळीबाजार आखातातील मोठ्या बाजारांत गणला जातो. सुरमईला तेथे कनअद म्हणतात, पापलेटला जुबैदी. परंतु ही मासळी ज्या नावांतून उतरते त्यांवरील खलाशी पुष्कळदा आपल्याच देशाचे, तामिळनाडू-केरळच्या किनाऱ्यावरचे असतात, याची जाणीव भाव करताना आपणांस क्वचितच होते.

समुद्र आटला नाही, मासळी आटली. हामूर बेसुमार पकडीने आखातभर घटला. तारूतच्या उपसागरात भराव घालून वसाहती व रस्ते झाले. कोळंबीची पिले ज्या तिवरांच्या आश्रयाने वाढतात ती तिवरे त्यात गेली. 1991 च्या युद्धानंतर तर सौदी किनाऱ्यावर कोळंबीचे प्रमाण कोसळलेच होते. म्हणून 1 फेब्रुवारी ते 31 जुलै कोळंबीची पकड बंद ठेवतात. हा नियम योग्यच आहे, त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. प्रश्न एवढाच की सहा महिन्यांच्या या संयमाचा खर्च कोण सोसतो? खलाशाचे वेतन बहुधा पकडीतील हिश्श्यावर ठरते. पकड नाही, तर हिस्सा नाही. नाव दुसऱ्या मासळीकडे वळविली, तर तीही पूर्वीसारखी राहिलेली नाही.

या किनाऱ्याने असे संकट पूर्वी पाहिले आहे. 1930 च्या दशकात जपानी संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने येथील मोत्यांचा धंदा बुडविला. आपल्या मुंबईची मोती-बाजारपेठही त्याच धंद्यावर पोसलेली होती. नाखुद्याच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले पाणबुडे निराधार झाले. पण 1938 साली दम्माम येथे तेल लागले आणि स्थानिकांना दुसरी वाट मिळाली. आजच्या परदेशी खलाशाला अशी वाट कोठे आहे? त्याचा परवाना मालकाशी बांधलेला असतो. शिवाय 2005 च्या सौदी श्रमकायद्याच्या सातव्या कलमाने पाचशे टनांहून लहान जहाजांवरील कामगारांना कायद्याबाहेर ठेवले. मासेमारीची नाव पाचशे टनांची कोठून असणार! ज्या श्रमिकाला कायद्याने गणलेच नाही त्याची अवस्था काय होते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

भारतात बंदीच्या काळासाठी गरीब मच्छीमाराला 1500 रुपयांच्या स्वतःच्या बचतीवर सरकारकडून 3000 रुपये मिळण्याची सोय आहे. रक्कम तुटपुंजी आहे, पण संयमाचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. सौदीला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या कामगाराला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. ती देतानाच बंद महिन्यांत किमान किती वेतन मिळणार, हे करारात लिहून घ्यावे; आणि तो करार खलाशाला वाचता येईल अशा तमिळ वा मल्याळम भाषेत असावा, अशी मागणी आपल्यासारख्या संघटनांनी भारतीय दूतावासाकडे लेखी करावी.